कळी, चौबगला आणि पट : रायगड किनाऱ्यावरील ऐतिहासिक वेशाच्या पुनर्निर्मितीचा मागोवा

१८९६ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर शिवोत्सव भरला, तेव्हापासून १६७४ च्या राज्याभिषेकाचे स्मरण हे केवळ ग्रंथांतून किंवा व्याख्यानांतून होणारे स्मरण राहिले नाही, तर ते डोळ्यांना दिसावे, अंगावर ल्यावे अशी ओढही त्यासोबत हळूहळू बळावत गेली. कुलाबा जिल्ह्याला १९८१ मध्ये रायगड हे नाव मिळाले आणि २०२३–२४ मध्ये राज्याभिषेकाची ३५० वर्षे साजरी झाली. या काळात गडावर आणि किनाऱ्यावरच्या गावांतील मिरवणुकांत अंगरखे, मंदिल, पटके आणि नऊवाऱ्या सर्रास दिसू लागल्या. मात्र या वेशांचा पहिला नमुना इतिहासाच्या साधनांतून न येता रंगभूमीकडून आला, ही गोष्ट या मागोव्यात आरंभीच नोंदवावी लागते. नाटक मंडळ्यांना दिव्यांच्या उजेडात दूरवरून उठून दिसणारे कापड हवे असे, म्हणून मखमल, जर आणि टिकल्या यांचा वापर वाढला, आणि पुढे चित्रपटांनी तोच थाट राजवेश म्हणून रूढ केला.

या रूढ प्रतिमेला छेद देणारे काम इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी केले. शिवाजी महाराजांचे म्हणून प्रचलित असलेले चित्र दुसऱ्याच व्यक्तीचे असल्याचे दाखवून त्यांनी १९३३ मध्ये डच साधनांतील चित्र प्रसिद्ध केले. या चित्राचे आणि दख्खनी शैलीतील समकालीन लघुचित्रांचे महत्त्व चेहऱ्यापुरते नाही, कारण जामा (कमरेपर्यंत अंगासरसा आणि खाली घेरदार असा अंगरखा), कमरेचा पटका आणि डोईवरची पगडी यांची ठेवण त्यांतूनच कळते. जाम्याचे बंद (बांधायच्या नाड्या) डाव्या बगलेखाली की उजव्या, यावरून हिंदू आणि मुसलमान ओळखण्याचा संकेत मुघल काळापासून रूढ होता. हिंदूंचे बंद डावीकडे असत, आणि आजच्या उत्सवी वेशात नेमका हाच तपशील वारंवार उलटा पडतो.

तथापि खरी अडचण बंदांची नसून बेतण्याची, म्हणजे कापड मापाने कापण्याची आहे. हातमागाच्या कापडाचा पन्हा (रुंदी) बेताचा असे आणि कापड मोलाचे असे, त्यामुळे जुना शिंपी वक्र कापणी शक्यतो टाळी. पाठ आणि पुढा सरळ पट्ट्यांचे. बाहीही सरळच, मनगटाकडे निमुळती होणारी, आणि लांबी मुद्दाम जास्त ठेवल्यामुळे हातावर चुण्या पडणारी. हात वर उचलताना शिवण उसवू नये म्हणून बगलेत चौबगला, म्हणजे चौकोनी ठिगळासारखा तुकडा. आणि घेरासाठी कळ्या. एक लांब आयत तिरका कापला की दोन कळ्या निघतात, त्यांतली एक उलटी फिरवून जोडली की अरुंद टोके कमरेला आणि रुंद टोके खाली येतात, चिंधीही वाया जात नाही. आजचा कारागीर सदऱ्याचा कागदी नमुना घेऊन गोल मुंढा (बाही जोडायची जागा) आणि उतरता खांदा कापतो आणि वरून बंद लावतो. असा वेश कितीही जरीने मढवला तरी तो बंद लावलेला सदराच ठरतो. बारा बंदांची बाराबंदी, म्हणजे अंगासरशी बसणारी आखूड बंडी, शिवतानाही हेच घडते. वेशाची पुनर्निर्मिती कात्रीपासून सुरू व्हायला हवी, नक्षीचा विचार त्यानंतरचा.

कापडाच्या बाबतीत या किनाऱ्याला परक्याकडे पाहण्याचे कारण नाही. चौल हे रेशमी विणकामाचे नामांकित ठाणे होते. सतराव्या शतकाच्या आरंभी पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने तिथल्या रेशमी मालाची वाखाणणी केली. बंदराचा व्यापार ओसरला आणि ही विद्या किनाऱ्यावरून जवळजवळ निघून गेली, ही हानी आजच्या राज्याभिषेकाच्या वेशांत कृत्रिम धाग्याच्या चकाकीने भरून काढली जाते, हे पाहून खंत वाटल्याशिवाय राहत नाही. याउलट कोळी समाजाचा वेश सलग वापरामुळे टिकला, कारण पुरुषाचा कमरेला बांधायचा सुरका असो की स्त्रीचे गुडघ्यापर्यंत चोपून नेसलेले लुगडे, त्यात शिवणच नाही. तो नेसण्याच्या सवयीतून पिढ्यान्‌पिढ्या पुढे गेला. अलिबाग परिसरातील बेने इस्रायल स्त्रियांचाही पूर्वीचा पोशाख नऊवारीच होता. अलीकडची शिवलेली नऊवारी, जिच्यात निऱ्या आणि कासोटा कायमचे शिवून टाकलेले असतात, तरुण मुलींना मिरवणुकीत आणते हे तिचे श्रेय मान्य करायलाच हवे. पण शिवून टाकलेला कासोटा पाहून मुलगी नेसायला शिकत नाही.

वेशाबरोबर विरंगुळ्याची साधनेही पुन्हा घडू लागली आहेत. सावंतवाडीचा गंजिफा राजघराण्याच्या प्रयत्नाने सावरला गेला, आणि दशावतारी गंजिफ्याचा १२० गोल पत्त्यांचा संच आजही तिथे रंगवला जातो. सारीपाट मात्र शिंप्याच्या हातचा खेळ आहे. अधिक चिन्हाच्या आकाराच्या कापडी पटाला चार भुजा असतात, प्रत्येक भुजेत तीन रांगांत आठ-आठ, म्हणजे २४ घरे, आणि मध्ये चौक. घरे वेगळ्या रंगाच्या तुकड्यांनी किंवा धावदोऱ्याने आखली जातात, आणि मागे अस्तर घातले की पट गुंडाळून सोबत नेता येतो. चार रंगांच्या १६ सोंगट्या आणि कवड्या किंवा फासे मिळाले की संच पुरा होतो. सरळ शिवण, कोपऱ्याची जोडणी आणि अस्तर या तिन्ही गोष्टी एका पटात शिकता येतात, म्हणून अंगरखा बेतायला घेण्याआधी नवशिक्याच्या हाती हेच काम द्यावे.