ठिणगीविना पेटणारे इंजिन

नागझिऱ्याचे जंगल जिथे संपते तिथे धानाच्या बांध्या सुरू होतात. १९७० साली अभयारण्य झालेला आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सामावलेला हा भाग पर्यटकांना पिटेझरी, मंगेझरी, चोरखमारा या प्रवेशद्वारांमुळे ठाऊक असतो. पण गोंदिया-भंडाऱ्याच्या या पट्ट्याचे वर्ष चिखलणी, रोवणी, कापणी आणि चुरणी यांवर चालते. बांध्या लहान, धुऱ्यांनी तुटलेल्या. त्यांत लोखंडी चाके लावून चिखल करायला ३५ अश्वशक्तीचे यंत्र पुरते. म्हणून महिंद्रा बी-२७५ सारखा जुना ट्रॅक्टर इथे शोभेची वस्तू ठरत नाही, तो कामाचा गडी राहू शकतो. त्याच्या आयुष्याचा निकाल मात्र बहुधा एका सकाळी लागतो. स्टार्टर फिरतो, इंजिन घेत नाही आणि कोणीतरी म्हणते, ‘कॉम्प्रेशन गेले, इंजिन खोलावे लागेल.’ माझे म्हणणे असे की हा निर्णय सर्वांत शेवटी घ्यायचा असतो. तो आधी घेतला जातो, कारण हे इंजिन पेटते कसे याचा हिशेब कोणी मांडत नाही.

या इंजिनात स्पार्क प्लग नाही, मॅग्नेटो नाही, कॉइल नाही. पेट्रोलवर किंवा रॉकेलवर चालणाऱ्या जुन्या फोर्डसनसारख्या ट्रॅक्टरांत प्लग काढून ठिणगी पाहता येई. इथे आग लावते ती फक्त दाबलेली हवा. हवा सतरापट आवळली आणि उष्णता कुठेही गळली नाही, तर तिचे निरपेक्ष तापमान सुमारे तिप्पट होते. ३० अंश सेल्सिअसची हवा कागदावर ६६५ अंशांच्या आसपास जाते, ८ अंशांची हवा ६०० च्या आसपासच थांबते. म्हणजे सकाळच्या बावीस अंशांच्या गारठ्याने सिलिंडरच्या टोकाला जवळजवळ सत्तर अंशांची तूट पडते. प्रत्यक्षात थंड भिंती आणि रिंगांच्या फटी आणखी बरीच उष्णता खातात. किती खातात, ते वेळेवर ठरते. मिनिटाला दोनशे फेऱ्यांनी इंजिन फिरले तर एक दाब ०.१५ सेकंदात होतो, शंभर फेऱ्यांनी फिरले तर ०.३ सेकंदात. गळतीला दुप्पट वेळ मिळतो. अर्धमेल्या बॅटरीने फिरणारे चांगले इंजिन आणि पूर्ण बॅटरीने फिरणारे झिजलेले इंजिन बाहेरून सारखेच वागतात ते यामुळेच, आणि इथेच घाईचा निदानकर्ता फसतो.

बी-२७५ ची मूळ घडण या हिशेबात आणखी एक कलम घालते. इंटरनॅशनल हार्वेस्टरने हा ट्रॅक्टर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला १९५८ पासून बनवला. १९६३ मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ स्थापन केली आणि मुंबईच्या कांदिवलीत त्याची बांधणी सुरू झाली. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रात विलीन झाली. मूळ ब्रिटिश इंजिन चार सिलिंडरांचे, १४४ घन इंचांचे, म्हणजे सुमारे २.३६ लिटरचे. त्यात डिझेल थेट पिस्टनवर न फवारता शेजारच्या लहान कोठडीत फवारले जाई. अशा कोठडीच्या अरुंद तोंडातून आणि थंड भिंतींवरून जाताना हवा बरीच ऊब गमावते, म्हणून त्या कोठडीला हीटर प्लग लागतो. जुन्या उघड्या तारेचे हीटर प्लग बहुतेकदा एकामागून एक जोडलेले असत: मांडवातल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखे, एक गेला की सगळे गेले. तेव्हा अशी जोडणी असलेला ट्रॅक्टर उन्हाळ्यात पटकन सुरू होतो आणि थंडीत अडतो, तर इंजिनावर संशय घेण्याआधी त्या चार प्लगांमधली तुटलेली तार शोधावी. टेस्ट लॅम्प आणि पाच मिनिटे पुरतात. (पुढच्या काळात इंजिने बदलली, थेट फवाऱ्याची आली. आपल्या ट्रॅक्टरात हीटर प्लग आहेत की नाहीत, हे आधी डोळ्यांनी पाहून घ्यावे.)

निदानाची खरी खिडकी म्हणजे सायलेन्सरचे तोंड. इंजिन जोमाने फिरते आहे आणि धूरच येत नाही, याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. मग कॉम्प्रेशनची चर्चा व्यर्थ आहे. इंजिन बंद करायची केबल ओढलेल्या जागी अडकली असेल, टाकीचा कॉक बंद असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा लाइनने हवा घेतली असेल. डिझेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. पंपात बुडबुडा शिरला की पंपाचा सारा जोर तो बुडबुडा आवळण्यात जातो आणि नोझल उघडतच नाही. म्हणून हवा काढण्याचा क्रम टाकीकडून नोझलकडे असतो. आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून फीड पंपाची दांडी हाताने मारायची, बुडबुडे संपून सलग डिझेल आले की तो आवळायचा. मग पंपाचा स्क्रू. शेवटी स्टार्टर मारत नोझलवरचे नट. या शेवटच्या टप्प्यात हात दूर ठेवावा, कारण उच्च दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते आणि ती इजा दिसते त्याहून फार गंभीर असते. सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडणाऱ्या ट्रॅक्टरचे कारणही याच वाटेवर असते: सक्शनकडचा वॉशर हवा ओढतो, किंवा टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र चिखलाने बुजलेले असते.

पांढरा धूर वेगळी गोष्ट सांगतो. डिझेल आत जाते आहे, पण जळत नाही, वाफ होऊन बाहेर पडते. इथे उष्णतेचा हिशेब उघडायचा आणि स्वस्त बाजूने सुरुवात करायची. भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते; स्टार्टर मारताना ती १० च्या खाली घसरली, तर फेऱ्या कमी पडणारच. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड आणि गंजलेली अर्थिंगची पट्टी तेवढेच नुकसान करतात. त्यानंतर डिझेलमधले पाणी. पावसाळ्यात अर्ध्या भरलेल्या टाकीत आणि उघड्या ड्रममध्ये ओल धरते, म्हणून फिल्टरच्या तळाचे पाणी सोडून पाहावे. त्यानंतर नोझलचा फवारा आणि पंपाचे टायमिंग. एवढे निस्तरल्यावरही पांढरा धूर राहिला, तर कॉम्प्रेशन गेज लावावा. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट पाहावे. म्हणजे इंजिन खोलायचेच झाले, तरी कुठून खोलायचे ते ठरते. चुरणीच्या दिवसांत येणारा काळा धूर मात्र बहुधा निरुपद्रवी असतो; धानाच्या धुळीने एअर क्लीनरमधल्या तेलाचा चिखल झालेला असतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. अनुभवी मिस्त्री आवाजावरून दोष ओळखतो, मग या उतरंडीची गरज काय? ओळखतो, हे मला मान्य आहे. पण तो आवाजातून जे ऐकतो ते हेच असते: फेऱ्यांचा वेग, एखाद्या दाबाला येणारी कमी धाप, नोझलची टकटक. त्याचा कान हा क्रम झरझर पार करतो, टाळत नाही. दुसरा आक्षेप हंगामाचा आहे. पऱ्हे उपटून ठेवले आहेत, मजूर बांधीत उभे आहेत, तेव्हा टोचन लावून किंवा हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरून ट्रॅक्टर सुरू केला तर बिघडले काय? टोचनाने बॅटरीची उणीव भरून निघते, आणि दोष तेवढाच असेल तर त्यात वावगे नाही. बोळा आणि इथरचा स्प्रे मात्र मी सर्वस्वी नाकारतो. इथर डिझेलच्या कितीतरी आधी पेटते, कधी पिस्टन वर चढत असतानाच. त्या धक्क्याने रिंगा आणि पिस्टन फुटतात. हीटर प्लग तापलेले असतील तर भडका हवेच्या नळीतून उलटाही येतो. म्हणजे जो दोष नव्हता तो या उपायाने खरोखर निर्माण होतो. शिवाय चुरणीच्या वेळी बाजूला तणस पडलेली असते आणि पलीकडे वाळलेले जंगल असते.

तिसरा प्रश्न सर्वांत जड आहे: एवढी खटपट जुन्या यंत्रासाठी का करावी? नवा ट्रॅक्टर डिझेल कमी खातो, धूर कमी सोडतो. ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून लागू झालेले उत्सर्जनाचे नियम योग्यच आहेत. ज्याचा क्रँक तडकला आहे, जो तेल जाळत निळा धूर ओकतो, तो ट्रॅक्टर मोडीत जावा. पण गळक्या वॉशरला इंजिनाचे म्हातारपण समजून ट्रॅक्टर विकणाऱ्या कुटुंबावर नव्या यंत्राचे हप्ते चढतात, आणि ते फेडायचे असतात एका धानाच्या पिकावर. जुन्या ट्रॅक्टरचा दोष पाना, टेस्ट लॅम्प आणि गेज एवढ्यावर सापडतो. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या इंजिनाला कंपनीचा संगणक जोडावा लागतो. रोवणीच्या पंधरवड्यात हा फरक पैशांत मोजता येतो. म्हणून चिखलणीच्या महिनाभर आधी, जूनचा पाऊस येण्यापूर्वी, फिल्टर बदलणे, टाकीचा तळ धुणे, नोझल तपासून घेणे आणि बॅटरीची अर्थिंग घासणे ही कामे उरकावीत. आणि हंगामात ट्रॅक्टर उभा करताना टाकी सकाळी नव्हे, संध्याकाळी भरावी, म्हणजे रात्रीच्या दमट हवेला आत जागाच राहत नाही.