लोणी घातलेली कॉफी : पेय की न्याहारी?

सकाळच्या कोऱ्या कॉफीत लोणी आणि खोबरेल तेल घालून ती घुसळून प्यावयाची व न्याहारीला दुसरे काहीच घ्यावयाचे नाही, अशी एक नवी चाल अलीकडे पडली आहे. शहरांतून सुटीसाठी घरी आलेली तरुण मंडळी भाकरी अथवा पाव दूर सारून आईजवळ लोण्याचा गोळा मागू लागली, म्हणजे वडीलधाऱ्यांना नवल वाटते. हा प्रकार काय आहे, तो कसा करावा आणि कोणी करू नये, याचा थोडा विचार आम्ही आज आमच्या वाचक बंधुभगिनींपुढे मांडीत आहोत.

या पेयाचे मूळ तिबेटात शोधावे लागते. तेथे विटेसारखी दाबलेली चहाची पाने उकळून, त्यांत मीठ व याक या जनावराच्या दुधाचे लोणी घालून, लांब लाकडी नळकांड्यात घुसळून चहा करण्याची रीत फार जुनी आहे. डेव्ह ॲस्प्री नावाचे अमेरिकन गृहस्थ २००४ साली कैलास पर्वताच्या परिसरात हिंडत असता हा चहा प्याले व त्याने त्यांना मोठी हुशारी वाटली, असे ते सांगतात. मायदेशी परतल्यावर त्यांनी चहाच्या जागी कॉफी योजिली, तीत नारळाच्या तेलापासून काढलेला एक विशेष अंश मिसळला आणि २००९ साली ही कृती 'बुलेटप्रूफ कॉफी' या नावाने प्रसिद्ध केली. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिबेटी माणूस तो चहा कडाक्याच्या थंडीत, उंच डोंगरावर अंगमेहनत करताना पितो, आणि त्यातच भाजलेल्या सातूचे पीठ कालवून खातो. पीठ वर्ज्य करण्याची कल्पना त्याची नव्हे.

ती कल्पना रुग्णालयातून आली. १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी, स्निग्ध पदार्थ भरपूर व पिष्टमय पदार्थ अत्यल्प असा आहार सुचविला. शरीराला धान्य व साखर मिळेनाशी झाली, म्हणजे यकृत चरबीपासून कीटोन नावाची द्रव्ये तयार करते आणि मेंदू त्यांवर आपले काम भागवितो. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात हा आहार आजही, वैद्यांच्या देखरेखीखाली, देण्यात येतो. पुढे वजन उतरविण्यासाठीही लोक त्याकडे वळले, आणि लोण्याची कॉफी ही त्यांची सकाळची न्याहारी झाली.

आता कृती. एक कप पाणी उकळून खाली उतरावे, त्यात दोन-तीन चहाचे चमचे कॉफीची पूड घालून चार मिनिटे झाकून ठेवावे व गाळून घ्यावे. दूध, साखर, गूळ यांपैकी काहीही घालू नये. गरम कॉफीत एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे १४ ग्रॅम, घरचे ताजे लोणी घालावे. विकतचे घ्यावयाचे तर बिनमिठाचे घ्यावे. त्यात खाण्याचे खोबरेल तेल एक चहाचा चमचा घालावे. डोक्याला लावावयाचे सुवासिक तेल मुळीच वापरू नये. मग पातेल्यात रवीने फेस येईपर्यंत घुसळावे. मिक्सर वापरावयाचा असल्यास भांडे अर्ध्याहून अधिक भरू नये व झाकण फडक्याने दाबून धरावे, कारण वाफेने ते उडून हात भाजण्याची भीती असते. घुसळल्याशिवाय तेल वर तरंगते. लोण्यात राहिलेले दुधाचे अंश तेल व पाणी एकजीव ठेवण्यास साहाय्य करतात. तुपात ते नसल्यामुळे तुपाची कॉफी लवकर फुटते.

आता हिशेब पाहू. पुष्कळ जण लोण्याइतकेच, म्हणजे मोठा चमचाभर, तेलही घालतात. तशा एका कपात सुमारे २२० उष्मांक होतात. प्रथिने मात्र जवळजवळ शून्य. संपृक्त स्निग्धांश सुमारे १८ ग्रॅम भरतात. ज्याचा दिवसाचा आहार २००० उष्मांकांचा आहे, त्याने असे स्निग्धांश २२ ग्रॅमच्या आत ठेवावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याचा अर्थ होतो. म्हणजे दिवसाचा बहुतेक वाटा एका कपातच संपला! म्हणूनच आम्ही वर तेलाचे माप लहान चमच्याचे दिले आहे.

तेव्हा आमचे सांगणे इतकेच की, ही कॉफी न्याहारीच्या जागी घ्यावयाची वस्तू आहे, न्याहारीबरोबर घ्यावयाची नव्हे. स्निग्ध पदार्थ पोटात सावकाश पुढे सरकतात, म्हणून भूक लांबते, हे खरे. पण कॉफीमागून दोन भाकऱ्या व दुपारी ताटभर भात खाल्ला, तर वजन उतरणार कसे? कीटोनचा आहार पाळणारे दिवसभरात बहुधा ५० ग्रॅमच्या आतच पिष्टमय पदार्थ घेतात. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एकाच भाकरीत ते ३५ ग्रॅमच्या आसपास असतात. भाकरी तशीच ठेवून लोणी वाढविणे म्हणजे जेवणावर जेवण होय.

मधुमेहासाठी इन्शुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी वैद्याला विचारल्याशिवाय धान्य सोडू नये. साखर एकाएकी घसरून भोवळ येण्याचा धोका असतो. पित्ताशयात खडे असणारे, हृदयविकाराचे व रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेले रुग्ण यांनी तर या पेयापासून दूरच राहावे. गर्भवती स्त्रियांनी कॉफी बेतानेच घ्यावी. वाढत्या मुलांच्या पुढ्यातून भाकरी, दूध व अंडे काढून हा कप ठेवणे तर सर्वथा अनुचित होय.

ज्याला सकाळी धान्य कमी करावयाचे आहे, त्याला सुलभ मार्ग आहे. कॉफीत लोणी चहाच्या एका चमच्याइतकेच घालावे, तेल वगळावे, आणि सोबत दोन उकडलेली अंडी खावीत. अंड्यांतून सुमारे १२ ग्रॅम प्रथिने मिळतात, पिष्टमय पदार्थ नाममात्र असतात, आणि दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो. शेतावर जाणाऱ्याने मात्र आपली भाकरी खुशाल खावी. त्याच्या श्रमाला तिची गरज आहे.