पुढचें दार आणि मागचें दार

जुन्या वाड्याला दोन दारें असत. दिंडीदरवाजानें पाहुणे येत. मागच्या दारानें सरपण, पाण्याच्या घागरी आणि घरचीं माणसें यांची ये-जा चाले. सर्वांनीं एकाच दारानें यावें असें ठरविलें असतें, तर लग्नाच्या दिवशीं स्वयंपाकघरांत पाणीही पोंचलें नसतें! आजच्या विषयाचें सार एवढ्यांतच आहे.

आपण मोबाइलवरून पैसे पाठवितों, तेव्हां तो निरोप डेटा सेंटर नांवाच्या इमारतींतील एखाद्या सर्व्हरकडे जातो. तेथें असे शेंकडों सर्व्हर लोखंडी मांडण्यांत रचलेले असतात. प्रत्येकाला कोणकोणत्या जोडण्या द्याव्या, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं.

पहिली जोडणी सामायिक. तिच्यावरून बाहेरचें जग येतें, आणि पुष्कळदां ती अनेक ग्राहकांच्या यंत्रांत वांटलेली असते. शेजाऱ्याकडे गर्दी झाली कीं आपलाही मार्ग तुंबतो.

दुसरी खाजगी. सर्व्हर आणि माहितीचें कोठार यांचा व्यवहार हिच्यावरून चालतो. रात्रीं साऱ्या माहितीची प्रत काढली जाते, तेव्हांचा ओघ सामायिक मार्गावर सोडला तर ग्राहकाला वाट उरणार नाहीं. इंटरनेटच्या नियमकर्त्यांनीं अशा अंतर्गत कामासाठीं पत्त्यांचे तीन समूह राखून ठेवले आहेत. १० या अंकानें सुरू होणाऱ्या एकाच समूहांत १,६७,७७,२१६ पत्ते आहेत. बाहेर ते चालत नाहींत. पाकिटावर नुसतें ‘माजघर’ लिहिलें तर पोस्टमनला काय कळणार? मात्र दोन संस्थांनीं तेच पत्ते वापरले आणि पुढें त्या एकत्र झाल्या, तर घोटाळा ठरलेलाच. म्हणून पत्त्यांची वांटणी आधींच कागदावर हवी.

तिसरी जोडणी देखरेखीची. सर्व्हरच्या पोटांत एक लहानसें स्वतंत्र यंत्र असतें. सर्व्हर निपचित पडला तरी त्याच्या द्वारें दुरून तो बंद-चालू करतां येतो. ही घराची किल्लीच. ती सामायिक मार्गावर कधींही टांगूं नये.

कोणी म्हणेल, एकाच तारेवर खुणा करून तिन्ही मार्ग नांदवितां येतात. मग खर्च कशाला? खरें आहे, तसें करतां येतें. पण तार तुटली कीं तिन्ही मार्ग एकदम तुटतात. कागदावरचें वेगळेपण आणि प्रत्यक्षांतलें वेगळेपण एक नव्हे.

याचा धडा ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं मिळाला. देखभालीच्या कामांत दिलेल्या एका आज्ञेनें फेसबुक कंपनीचें डेटा सेंटरांना जोडणारें मुख्य जाळें तुटलें. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारें सहा तास बंद पडलीं. अडचणीच्या वेळीं वापरावयाचें वेगळें जाळेंही त्या वेळीं चालेना. अखेर अभियंत्यांना प्रत्यक्ष इमारतींत जावें लागलें. आणि तेथील बंदोबस्त इतका कडक कीं आंत शिरून काम सुरू करण्यांतही वेळ गेला!

तेव्हां योजना आंखणारानें प्रत्येक तारेपुढें एकच प्रश्न लिहावा: ही तुटली तर तिच्याबरोबर आणखी काय तुटेल? मग वर्षांतून एकदां तरी, शांत वेळीं, मुद्दाम पुढचें दार लावून पाहावें आणि मागचें उघडतें कीं नाहीं याची खात्री करून घ्यावी. गंजलेली कडी आगीच्या वेळीं निघत नाहीं.