टर्बो जातो तो तेलावाचून

टर्बोचार्जर म्हणजे एकाच शाफ्टच्या दोन टोकांना बसवलेली पात्यांची दोन चाके. सायलेन्सरकडे निघालेला इंजिनचा गरम धूर एक चाक फिरवतो आणि त्याच्यासोबत फिरणारे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. भारतात मात्र फार काळ टर्बो म्हटले की डिझेल गाडीच डोळ्यासमोर येई. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर लहान डिझेल इंजिने मागे पडली आणि एक-सव्वा लिटरच्या टर्बो पेट्रोल गाड्या घरोघरी आल्या. ज्यांनी आजवर टर्बो कधी वापरला नव्हता, त्यांच्याही दारात तो आता उभा आहे आणि त्याच्याबरोबर जुने समजही आले आहेत.

लहान मोटारीच्या टर्बोचा शाफ्ट पेन्सिलीएवढा जाड असतो आणि पूर्ण जोरात तो मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेतो. त्याच्या एका टोकावर येणारा धूर डिझेल इंजिनात ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास, तर पेट्रोल इंजिनात ९५० अंशांच्याही पुढे तापलेला असतो. बहुतेक मोटारींच्या टर्बोत हा शाफ्ट छऱ्यांच्या बेअरिंगवर बसवलेला नसतो. त्याच्याभोवती पितळी किंवा काशाचे सैल बुश असतात आणि बुशच्या आतून-बाहेरून तेलाचा अतिशय पातळ थर असतो. सगळे सुरळीत असेल तेव्हा धातू धातूला टेकतच नाही. शाफ्ट तेलावर तरंगतो. तेच तेल शाफ्टची उष्णताही वाहून नेते. हे तेल इंजिनच्या पंपाकडून एका बारीक फीड पाइपने येते आणि रिटर्न पाइपने केवळ स्वतःच्या वजनाने इंजिनच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरते. टर्बोला स्वतःचा पंप नाही आणि स्वतःचा तेलसाठाही नाही. इंजिन जे देईल त्यावर त्याने जगायचे असते.

एवढे लक्षात घेतले, की गॅरेजोगॅरेजी ऐकू येणारा सर्वांत महागडा गैरसमज किती पोकळ आहे ते कळते: ‘टर्बो गेलाय, नवा टाकला की काम झाले.’ या वाक्यापायी गाडीमालकांचे हजारो रुपये एकदा नव्हे, दोनदा जातात. पहिला टर्बो लाखभर किलोमीटर चालतो आणि दुसरा काही आठवड्यांत शिट्टी वाजवू लागतो. मग दोष ‘डुप्लिकेट माला’वर ढकलला जातो. माल हलका असू शकतो, नाही असे नाही; पण पहिल्या टर्बोला ज्याने मारले ते कारण गाडीत तसेच ठेवून दुसरा बसवला, तर उत्तम टर्बोही टिकत नाही. गॅरेट, बॉर्गवॉर्नर यांच्यासारख्या उत्पादकांच्या मार्गदर्शिकांत बिघाडाची तीच ती कारणे येतात: तेलाची टंचाई, तेलातील कचरा, हवेच्या वाटेने आत गेलेली वस्तू आणि अतिरेकी उष्णता. ही सगळी टर्बोच्या बाहेरून येतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण युरोपात घडले. प्यूजो-सिट्रोएन आणि फोर्ड यांनी मिळून बनवलेले १.६ लिटरचे डिझेल इंजिन या शतकाच्या पहिल्या दशकात प्यूजो, सिट्रोएन, फोर्ड, व्होल्वो, माझदा अशा अनेक गाड्यांत बसले. त्याचे टर्बो एकामागून एक जाऊ लागले. बदललेले टर्बोही जाऊ लागले. शोध घेतला तेव्हा दोष टर्बोपासून बराच दूर, इंजेक्टरच्या बुडाशी सापडला. तिथले तांब्याचे वॉशर नीट बसत नसत, त्यामुळे जळका वायू निसटून तेलात मिसळे आणि तेलात काजळीचा घट्ट गाळ तयार होई. फीड पाइपच्या बोल्टमध्ये एक इवलीशी जाळी होती. कचरा टर्बोपर्यंत जाऊ नये म्हणून ती बसवलेली. पण गाळाने तीच तुंबे आणि कचऱ्याबरोबर तेलही अडे. इंजिन व्यवस्थित चालू, टर्बो कोरडा.

नंतर आलेल्या सुधारित पाइपमधून ही जाळी काढून टाकण्यात आली. टर्बो बदलताना करायच्या कामांची लांबलचक यादीही ठरली: इंजेक्टरचे वॉशर बदलणे, चेंबर उतरवून धुणे, तेल खेचणाऱ्या नळीची जाळी साफ करणे, फीड आणि रिटर्न पाइप नवे घालणे. शेवटी एक साधी चाचणी करायची. टर्बोतून परतणारे तेल भांड्यात सोडून इंजिन एक मिनिट आयडलवर चालवायचे, निदान ०.३ लिटर तेल आले पाहिजे. फीड पाइप नवा घातल्याचा पुरावा नसेल तर टर्बोची वॉरंटी नाकारणारे विक्रेते आहेत आणि त्यांचे चुकते असे म्हणता येणार नाही.

या चाचणीला भांडे आणि घड्याळ यांपलीकडे काही लागत नाही. तरी ती क्वचितच केली जाते, आणि संताप यावा अशी गोष्ट हीच आहे. उतरवलेला टर्बो स्वतःच पुरावा असतो. शाफ्ट निळसर पडला असेल आणि बुशचा धातू त्याला फासला गेला असेल, तर तो तेलावाचून तापला आहे. पोलाद निळे पडायला ३०० अंशांच्या आसपास तापमान लागते. शाफ्टवर बारीक चरे असतील तर तेल आले, पण कचरा घेऊन आले. शाफ्ट ठीक आणि हवेकडच्या चाकाची पाती तुटलेली असतील, तर एअर फिल्टरच्या वाटेने काहीतरी आत गेले. गाडीमालकाने जुना टर्बो ताब्यात मागावा आणि तो का गेला हे मेस्त्रीला विचारावे. कारण सांगता येत नसेल तर नवा टर्बो बसवण्याची वेळ अजून आलेली नाही.

‘ऑइल सील गेले’ हे निदानही याच गैरसमजाचे भावंड. निळा धूर आणि दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपमध्ये तेल दिसले की ते ऐकवले जाते. टर्बोत रबरी सील नसतेच. तिथे पिस्टनच्या रिंगसारखी धातूची बारीक कडी असते आणि ती दोन्हीकडच्या दाबाच्या फरकावर काम करते. रिटर्न पाइप तुंबला किंवा पिळला, चेंबरमध्ये तेल प्रमाणाबाहेर भरले, इंजिनच्या आतला वायू बाहेर सोडणारा ब्रीदर बंद झाला, तर तेल खाली उतरत नाही आणि धडधाकट टर्बोतूनही कड्यांवाटे बाहेर पडते. एअर फिल्टर चोंदला तरी तेल हवेकडे ओढले जाते. अशा गाडीला नवा टर्बो लावला तर तोही पहिल्या दिवसापासून तेल टाकतो. गळतीकडे दुर्लक्ष करणे तर धोक्याचेच, कारण डिझेल इंजिन आत आलेले हे तेल इंधन म्हणून जाळत किल्ली काढल्यावरही भरधाव फिरत राहू शकते.

बसवताना होणारी हानी वेगळी. नवा टर्बो कोरडा असतो. फीड पाइप भरून त्यात तेल पोहोचायला काही सेकंद लागतात आणि तेवढे सेकंद बुश खरवडायला पुरतात. म्हणून टर्बोच्या तोंडात आधी स्वच्छ तेल ओतून चाक हाताने फिरवावे लागते, इंधन तोडून स्टार्टर मारावा लागतो आणि तेलाचा दाब आल्यावरच इंजिन सुरू करून काही काळ आयडलवर ठेवावे लागते. तेलाच्या जोडांवर सिलिकॉन लावण्याची सवय घातक आहे. दाबून बाहेर आलेला त्याचा तुकडा सुटतो आणि बारीक भोकात जाऊन बसतो. तिथे योग्य पॅकिंगच हवे. जुना फीड पाइप फुंकून किंवा तार घालून साफ करणे हीसुद्धा खोटी बचत आहे. धुराच्या गरम नळीशेजारून जाणाऱ्या या पाइपच्या आत कोळसा चिकटलेला असतो, आणि सैल झालेला कोळसा सरळ नव्या बेअरिंगमध्ये जातो.

दुसरा प्रसिद्ध समज असा की टर्बो गाडी दर वेळी पाच मिनिटे आयडलवर ठेवूनच बंद करावी. यात एकेकाळी पुष्कळ तथ्य होते. तापलेले इंजिन एकदम बंद केले की तेलाचा प्रवाह थांबतो, धुराकडच्या चाकाची धग शाफ्टमधून बेअरिंगकडे येते आणि तिथे अडकलेल्या तेलाचा कोळसा होतो. पण १९८० च्या दशकापासून टर्बोच्या मधल्या भागाभोवती कूलंट खेळवण्याची रचना रूढ होत गेली. इंजिन थांबल्यावरही गरम कूलंट वर चढून थोडा काळ फिरत राहतो, आणि काही गाड्यांत तर त्यासाठी वेगळा विजेचा पंप असतो. शहरात सावकाश चालवत आणलेल्या गाडीचा टर्बो पार्किंगपर्यंत निवलेलाच असतो. बोरघाट भरल्या गाडीने दाबून चढून लगेच लोणावळ्यात थांबायचे असेल, तर मात्र मिनिटभर थांबणे योग्य, किंवा शेवटचे दोन किलोमीटर हलक्या पायाने चालवणे त्याहून योग्य. गाडीच्या पुस्तिकेत वेगळे काही सांगितले असेल तर ते प्रमाण मानावे. रोजच्या पाच मिनिटांनी इंधन जळते, डिझेल गाडीच्या धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साठते, टर्बोचे आयुष्य वाढत नाही.

याच्या अगदी उलट सवय म्हणजे बंद करण्यापूर्वी एक जोरदार रेस मारणे. जुन्या ट्रकचालकांकडून ती मोटारींत आली. रेसने टर्बो वेग घेतो, लगेच किल्ली फिरवल्याने पंप थांबतो आणि शाफ्ट तेलाच्या दाबाविना भिरभिरत राहतो. टर्बोला तेलावाचून मारण्याचा याहून सोपा उपाय शोधूनही सापडणार नाही. सकाळी इंजिन सुरू होताक्षणी रेस करणे त्याच जातीचे.

‘ऑइलचा लाल दिवा लागला नाही, म्हणजे सगळे ठीक.’ हा विश्वास अनाठायी आहे. साध्या गाड्यांतला तो दिवा इंजिनच्या मुख्य मार्गातला दाब साधारण अर्ध्या बारपर्यंत किंवा त्याहूनही खाली घसरल्यावर पेटतो. टर्बोचा फीड पाइप तुंबला तर मुख्य मार्गातला दाब शाबूत राहतो आणि दिवा कधीच लागत नाही. पातळीही तो दाखवत नाही. रांजणगाव आणि मानेसर येथे बनलेले १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन भारतात स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत होते; त्यात जेमतेम तीन लिटर तेल मावते. त्यातले अर्धा-पाऊण लिटर घटले तरी उरलेल्यावर ताण वाढतो, कारण टर्बो आणि टायमिंग चेन दोन्हींना तेच तेल पोसते. पंधरा दिवसांतून एकदा, इंजिन थंड आणि गाडी सपाटीवर असताना डिपस्टिक पाहणे याला पर्याय नाही.

जाड तेल टर्बोला जास्त जपते, हे खरे नाही: ५डब्ल्यू-३० दर्जाचे तेल सांगितलेल्या इंजिनात त्याहून जाड २०डब्ल्यू-५० घातले, तर सकाळी ते बारीक पाइपमधून उशिरा पोहोचते. सिंथेटिक तेल कितीही चालते, हेही खरे नाही. त्यातही काजळी, इंधन आणि आम्ल साठतच असते, आणि धूळ, रखडती वाहतूक, छोटे फेरे अशा वापरासाठी पुस्तिकेतच तेलबदलाची मुदत कमी दिलेली असते. डिझेलचे तेल काळे झाले म्हणजे संपले असे नाही, काजळीने ते काही दिवसांतच काळे होते. वर्षानुवर्षे दुर्लक्षित इंजिनात गाळ सोडवणारे फ्लश ओतणे उपकारक नाही, कारण एकदम सुटलेला गाळ आधी चेंबरच्या जाळीत आणि मग फीड पाइपमध्ये अडकतो. अशा इंजिनाचा चेंबर उतरवून तो धुणे आणि पुढचे एक-दोन तेलबदल लवकर करणे सुरक्षित. स्वस्त ऑइल फिल्टर ‘सारखाच’ नसतो. त्यातली तेल धरून ठेवणारी झडप कच्ची असेल, तर रात्रभरात तेल खाली उतरते आणि रोज सकाळी टर्बो कोरडा सुरू होतो.

बीएस-६ डिझेल गाड्यांमुळे एक नवा समज रुजू पाहत आहे: डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली, तर इंजिन तेल खात नाही, चांगलेच आहे. धुराच्या नळीतील काजळीचा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी अनेक इंजिने जादा डिझेल फवारतात. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच चालत असेल तर ही सफाई अर्धवट राहते, पुन्हा पुन्हा सुरू होते आणि सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळलेले डिझेल चेंबरमध्ये उतरते. पातळी वाढते ती त्यामुळे. असे पातळ झालेले तेल बुशभोवतीचा थर टिकवू शकत नाही. खुणेच्या वरचे तेवढे काढून टाकल्याने भागत नाही. तेल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलावे लागतात, आणि काजळीच्या फिल्टरची सफाई पूर्ण व्हावी म्हणून गाडी अधूनमधून महामार्गावर एकसारख्या वेगाने अर्धा तास चालवावी लागते.