‘लाभो’मधला ओ

बेळगुंदीहून बेळगावला निघालं की वाटेत एखादा तरी श्रद्धांजलीचा फलक दिसतोच. मधे फोटो, भोवती हार, खाली ठरलेली ओळ: मृतात्म्यास चिरशांती लाभो. शहरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत डोकावलं, तर कबरींवर तीन अक्षरं असतात: आर. आय. पी. ही अक्षरं इंग्रजीची, असंच मी कैक वर्षं धरून चाललो होतो. मुळात ती लॅटिनची आहेत. रेक्विएस्कात इन पाचे, म्हणजे ‘शांतीत विसावो’.

‘विसावतो’ नव्हे, ‘विसावो’. गंमत इथंच आहे. सुरुवातीच्या शतकांतल्या ख्रिस्ती कबरींवर बऱ्याचदा ‘रेक्विएस्कित’ असंही कोरलेलं सापडतं. त्याचा अर्थ ‘विसावतो आहे’. ‘कित’चं ‘कात’ झालं, एवढा एक स्वर हलला, की बातमीची प्रार्थना होते. मराठीत हेच काम ‘ओ’ करतो: लाभो, मिळो, असो. शाळेत आज्ञार्थ म्हणून घोकलेला हा प्रकार रोमच्या दगडावर आणि आपल्या चौकातल्या फलकावर एकच काम करताना पाहिला, आणि व्याकरणाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

पण गेलेल्या माणसासाठी मागायचं ते काय? कॅथलिकांचं उत्तर असं की, माणूस मेला म्हणून त्याचा हिशेब लगेच मिटतोच असं नाही. देवाच्या कृपेत मेलेल्यालाही स्वर्गात जाण्याआधी शुद्ध व्हावं लागतं, आणि त्या काळात मागे राहिलेल्यांची प्रार्थना त्याला उपयोगी पडते. याचा आधार मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात आहे. लढाईत पडलेल्या आपल्या शिपायांच्या पापक्षालनासाठी यहूदा मक्काबी सैन्यात वर्गणी काढतो आणि चांदीच्या दोन हजार द्राख्मा यरुशलेमला पाठवतो. हा ग्रंथ कॅथलिक बायबलात आहे, प्रॉटेस्टंट बायबलात नाही. एकाची पुस्तकं 73, दुसऱ्याची 66.

या भेदामागे मोठं भांडण झालं. मृत नातलगांचे आत्मे लवकर सुटावेत म्हणून पैसे देऊन क्षमापत्रं घेण्याची टूम जर्मनीत निघाली होती. तिच्याविरुद्ध मार्टिन ल्यूथरने 95 मुद्दे मांडले ते 31 ऑक्टोबर 1517 रोजी, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी. मृतांचं स्मरण त्यानंतर लगेच, 2 नोव्हेंबरला येतं. बेळगावात प्रॉटेस्टंट लंडन मिशनचं काम 1820 मध्ये सुरू झालं, त्यामुळे इथं दोन्ही परंपरा शेजारी नांदतात. घरात मृत्यू झाला तर एकाकडे गेलेल्यासाठी प्रार्थना होते, दुसऱ्याकडे मुख्यतः मागे उरलेल्यांच्या सांत्वनासाठी. मांडवात बसलेल्या पाहुण्याला हा फरक कळतही नाही.

2 नोव्हेंबर ही तारीख फ्रान्समधल्या क्लूनी मठाची देणगी. तिथला मठाधिपती ओदिलो याने इसवी सन 1000 च्या आसपास आपल्या मठांना हा दिवस सर्व मृतांसाठी ठरवून दिला, आणि तो हळूहळू सगळीकडे पसरला. या दिवशी धर्मगुरूला तीन मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, म्हणायची मुभा आहे. 1748 मध्ये ती पोर्तुगाल, स्पेन आणि त्यांच्या मुलखांना मिळाली, म्हणजे गोव्यालाही. बाकी जगाला ती 1915 मध्ये मिळाली. पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं, माणसं हजारोंनी मरत होती, आणि तेव्हाचे पोप पंधरावे बेनेडिक्ट एकीकडे युद्ध थांबवा म्हणत होते, तर दुसरीकडे मेलेल्यांसाठी प्रार्थना वाढवत होते. मला ही दोन कामं वेगळी वाटत नाहीत.

बेळगावचा धर्मप्रांत 1953 चा. गोवा आणि पुणे या धर्मप्रांतांतून तो काढला. इथल्या अनेक कॅथलिक घराण्यांची मुळं घाटाखाली गोव्यात आहेत. त्या गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं. ते 1616 मध्ये छापून निघालं आणि त्यात स्वर्गाला त्याने सरळ ‘वैकुंठ’ म्हटलं. गोव्याच्या कॅथलिकांत लग्नाआधी एक जेवण असतं, त्याला म्हणतात भिकाऱ्यांचं जेवण. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने गरिबांना बोलावून पोटभर वाढायचं. पंगत बसते जिवंतांची, स्मरण असतं मृतांचं. आपल्याकडच्या म्हाळाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

मिस्सामध्येही ‘शांती’ हा शब्द भेटतो. आधी गेलेल्यांसाठी शांती मागतात. थोड्या वेळाने, प्रसाद घेण्यापूर्वी, सगळे शेजाऱ्याकडे वळून एकमेकांना शांती देतात. युरोपात हस्तांदोलन करतात, आपल्याकडे बहुधा हात जोडतात. ज्याच्याशी बांधावरून वर्षभर बोलणं नाही तोच नेमका शेजारी उभा असला, तर मात्र पंचाईत होते.

दफनभूमीला गोव्यात ‘सिमितेर’ म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आला, पोर्तुगीजांकडे लॅटिनमधून, लॅटिनमध्ये ग्रीकमधून. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘झोपायची जागा’. इथं येणाऱ्याला मुक्कामाचा पाहुणा समजतात, तो उठणार आहे असं धरून. 2 नोव्हेंबरला कबरी झाडून पुसून त्यांवर फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. फादर पवित्र पाणी शिंपडत ओळीने जातात.

तुम्ही कोणत्याही धर्माचे असा, त्या संध्याकाळी एकदा जाऊन या. जाताना दोन मेणबत्त्या जास्तीच्या घ्या. जागा अपुरी असली की काही ठिकाणी जुन्या कबरी उकरून पुन्हा वापरतात, त्यामुळे सगळ्यांचीच कबर शिल्लक राहत नाही. अशांसाठी मेणबत्ती बहुधा मधल्या मोठ्या क्रूसापाशी लावतात.