गियर बदलताना मोटार धक्का का देते?

कापूस विकला, केळीचा माल गेला, हातात चार पैसे आले, की आपल्या खानदेशात हल्ली घरोघरी मोटारीचा विचार सुरू होतो. नवी परवडत नाही, म्हणून जळगाव-धुळ्याकडे वापरलेली पाहतात. आणि खेड्याचा रस्ता व मोठे कुटुंब ध्यानी घेता बहुधा उंच बांध्याची, जिला एसयूव्ही म्हणतात, तीच पसंत पडते. यांतल्या पुष्कळ गाड्या आता आपोआप गियर बदलणाऱ्या असतात. महिना-दोन महिने सुखात जातात, आणि एके दिवशी गियर बदलताना मागून कोणी ढकलावे तसा धक्का बसू लागतो. गॅरेजात गेलो की कुणीतरी सांगतो, "गियरबॉक्स गेला, उघडावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून वर्षाची कमाई डोळ्यांपुढून निघून जाते.

मला आज एवढेच सांगायचे आहे, की धक्का हे लक्षण आहे, रोग नव्हे. ताप आला म्हणून कोणी लगेच पोट चिरत नाही. आधी साधे आणि स्वस्त ते तपासावे, उघडण्याची गोष्ट सर्वांत शेवटी.

प्रथम आपल्या गाडीत कोणत्या जातीचा गियरबॉक्स आहे ते माहीत हवे. २०१५ साली महिंद्राची टीयूव्ही ३०० आली, २०१८ साली मारुतीच्या ब्रेझालाही तशी सोय झाली. त्यांत गियरबॉक्स आणि क्लच साधेच. फक्त क्लच दाबणारा पाय व दांडा हलवणारा हात यांची जागा यंत्राने घेतलेली. अशी गाडी गियर बदलताना थोडी मान डोलावतेच, तो तिचा स्वभाव आहे. २०१५ सालीच आलेल्या एक्सयूव्ही ५०० च्या ऑटोमॅटिकची जात निराळी. ती तेलाच्या दाबावर चालते. आजचे बोलणे मुख्यतः या दुसऱ्या जातीविषयी आहे.

हिची रचना समजायला अवघड नाही. दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. येथे वाऱ्याऐवजी तेल असते. इंजिन एक पंखा फिरवते, तेलाच्या झोताने दुसरा फिरतो, आणि त्याची शक्ती गियरकडे जाते. यालाच टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. पुढे प्रत्येक गियरसाठी पातळ चकत्यांचे क्लच असतात. तेलाचा दाब त्या चकत्या एकमेकींवर दाबून धरतो. शाळेत पास्कलचा नियम शिकवणाऱ्या गुरुजींना याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

आता हा दाब योग्य वेळी योग्य क्लचकडे कोण पाठवतो? पांझरेकाठची फडबागाईत आठवा. बंधाऱ्याचे पाणी पाटात येते आणि पाटकरी ज्याची पाळी त्याचे बारे उघडतो, दुसऱ्याचे बंद करतो. गियरबॉक्सातही तेलाचे असेच बारीक पाट असतात, त्यांवर विजेने उघडझाप करणारी दारे, म्हणजे सोलेनॉइड, असतात, आणि संगणक हा पाटकरी. एक बारे बंद होण्याची आणि दुसरे उघडण्याची वेळ चुकली, किंवा पाण्याला जोरच नसला, की शेत बिघडते. तसाच येथे धक्का बसतो.

तपासाला लागण्यापूर्वी एका वहीत चार गोष्टी टिपा. धक्का इंजिन थंड असताना बसतो की तापल्यावर? उभ्या गाडीत दांडा पुढच्या किंवा मागच्या गियरवर टाकताना, की चालत्या गाडीत? एकाच ठरावीक गियरला, की सगळ्यांना? हलक्या पायाने चालवताना, की जोर दिल्यावर? एवढे टिपण हाती असले म्हणजे चांगल्या कारागिराचे अर्धे काम होते.

पहिली तपासणी गियरबॉक्सच्या बाहेरची. जागच्या जागी चालणाऱ्या इंजिनाचे फेरे जास्त असतील तर गियर टाकताच गाडी दचकणारच. इंजिन व गियरबॉक्स ज्या रबरी बैठकांवर असतात, ती रबरे फाटली असतील तरी हुबेहूब तसाच धक्का बसतो. चाकांना दगड लावा, हातब्रेक ओढा, पायब्रेक घट्ट दाबून दांडा पुढे-मागे टाका, आणि दुसऱ्याने बाजूने पाहावे की इंजिन उसळते का. गाडीच्या पुढे वा मागे मात्र कोणी उभे राहू नये. मागची चाके फिरवणाऱ्या गाडीत लांब शाफ्टचे सांधेही पाहावेत; तेथे ढिलाई असली तर खट्‌कन आवाज येतो.

दुसरी तपासणी तेलाची. तेल कमी झाले की पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो, दाब पडतो. क्लच आधी घसरतो आणि मग एकदम पकडतो. तेल जास्त भरले तरी फेस येतोच. पुष्कळ नव्या गाड्यांत पातळी पाहण्याची पट्टी नसते. खालचा बूच उघडून, तेल पुस्तकात सांगितलेल्या उष्णतेवर असताना पातळी पाहावी लागते. ते काम जाणत्याकडूनच करावे. तेल काळे पडून जळका वास येत असेल तर ते थकले आहे. दुधाळ गुलाबी दिसले तर त्यात रेडिएटरचे पाणी शिरले असावे. मग गाडी चालवू नये. आणि तेल पुस्तकात लिहिलेल्या प्रकारचेच हवे. दुकानात मिळेल ते घालणे म्हणजे धक्का विकत घेणे.

आपल्याकडे तेलाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. हे तेल साधारणपणे ८० ते १०० अंशांवर काम करते. त्याहून तापले की त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यात लळिंगचा किंवा कन्नडकडचा औट्रम घाट भरल्या गाडीने चढायचा, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतले की दांडा पुढे-मागे करीत तासभर चाके फिरवायची! म्हणून 'हे तेल जन्मभर पुरते' यावर विसंबू नका. कठीण वापरासाठी पुस्तकात वेगळी मुदत दिली असेल तर ती पाळा.

तिसरी तपासणी विजेची. बॅटरी अशक्त असेल तर संगणक व सोलेनॉइड दोन्ही गोंधळतात. त्यानंतर स्कॅनर लावून दोषांचे आकडे वाचून घ्या. 'पी ०७' ने सुरू होणारे आकडे बहुधा गियरबॉक्सचे असतात. पुसण्यापूर्वी ते वहीत लिहा. गाडी एकाच गियरमध्ये अडकून राहत असेल, तर संगणकाने दोष ओळखून स्वसंरक्षणासाठी तसे केलेले असते. बॅटरी काढल्यावर किंवा तेल बदलल्यावर काही गाड्यांत संगणकाला पुन्हा शिकवावे लागते. तोवर थोडे दिवस धक्के बसू शकतात.

हे सारे नीट असूनही धक्का राहिला, तर सोलेनॉइड आणि तेलाच्या पाटांचा ठोकळा, ज्याला व्हॉल्व्ह बॉडी म्हणतात, तो तपासावा. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते. मात्र इंजिन घोंघावते, फेरे वाढतात आणि गाडी ओढत नाही, असे होऊ लागले तर क्लचच्या चकत्या झिजल्याचा संशय घ्यावा. तेव्हा गियरबॉक्स उघडण्याला इलाज नसतो.

ज्यांना अजून गाडी घ्यायची आहे, त्यांनी सकाळी थंड गाडी पाहावी. बॉनेटला हात लावा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंडीत चालवा, मग अर्धा-पाऊण तास हमरस्त्यावर चालवून तापल्यावर पुन्हा चालवा, चढावर न्या, हळू हळू थांबवून पाहा. स्कॅनर लावल्याशिवाय आणि तेल बदलल्याच्या पावत्या पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. आणि गॅरेजवाला पहिल्याच भेटीत "उघडावा लागेल" म्हणाला, तर त्याला नम्रपणे विचारा, "दादा, तेल पाहिले का? स्कॅनरवर कोणते आकडे आले?" उत्तर मिळाले नाही, तर गाडी तेथे न सोडता दुसऱ्या जाणत्याला दाखवा.