शिफारशीमागे माणूस हवा

१९७७ साली अमेरिकेच्या ‘नासा’ने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे आणि पृथ्वीची ओळख म्हणून तिच्यात सुमारे दीड तासाचे, सत्तावीस नमुन्यांचे संगीत भरलेले आहे. बाख, बेथोव्हेन आणि चक बेरी यांच्या पंक्तीला भारतातून एकच गाणे गेले. ते म्हणजे केसरबाई केरकरांची भैरवी. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या, अल्लादिया खाँसाहेबांकडे कित्येक वर्षे तालीम घेतलेल्या आणि मोजक्याच ध्वनिमुद्रिका मागे ठेवणाऱ्या या गायिकेला तेव्हाच्या अमेरिकेत सामान्य श्रोता ओळखत नव्हता. कार्ल सेगन यांच्या निवड समितीला हे नाव सुचवले ते रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने. मृदंगावर प्रबंध लिहिलेला हा माणूस भारतीय संगीतात मुरलेला होता. केसरबाईंच्या त्या गाण्याची ध्वनिमुद्रिका तोवर बाजारातून नाहीशी झाली होती. शोधाशोध करून अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात तिची प्रत हाती लागली. खपाचे किंवा लोकप्रियतेचे आकडे पाहून निवड झाली असती, तर केसरबाई त्या यादीच्या आसपासही आल्या नसत्या. एका जाणकाराने आपल्या कानाची ग्वाही दिली, इतरांनी तिच्यावर विश्वास ठेवला आणि तेवढ्यावर ही निवड झाली.

आज आपल्यापैकी बहुतेकांना नवे गाणे भेटते ते फोनमधल्या ॲपच्या शिफारशीतून. एक गाणे संपले की पुढचे आपोआप सुरू होते. ते का सुरू झाले, हे विचारण्याची सोय नसते आणि हळूहळू विचारण्याची सवयही राहत नाही. माझे म्हणणे असे, की नवे संगीत शोधायचे असेल तर गाण्याच्या आधी माणूस शोधावा. शिफारस करणारा असा हवा, की त्याला नाव असेल, त्याला ‘हे का ऐकायचे?’ असे विचारता येईल आणि त्याच्याशी मतभेदही होऊ शकेल. हे जुन्या काळाच्या ओढीने सुचलेले नाही. यंत्राची शिफारस कशी तयार होते आणि आजच्या संगीताच्या बाजारात तिचे काय होते, हे पाहिले की याच निष्कर्षावर यावे लागते.

शिफारशीच्या अल्गोरिदमचा पाया साधा आहे. तुम्ही जी गाणी ऐकता तीच ऐकणारे आणखी लोक यंत्र हुडकते आणि त्यांनी ऐकलेले, पण तुम्ही न ऐकलेले गाणे तुमच्यापुढे ठेवते. याच्या जोडीला गाण्याची लय, वाद्ये, आवाजाचा पोत यांचेही गणिती मोजमाप होते. गाणे शेवटपर्यंत वाजले का, मध्येच पुढे ढकलले का, जपून ठेवले का, या नोंदींवरून अंदाज सुधारत जातो. ही पद्धत साम्य शोधण्यात तरबेज आहे आणि तिची मर्यादाही तिथेच आहे. ज्या गाण्याला अजून श्रोतेच मिळालेले नाहीत, त्याविषयी तिच्याकडे सांगण्यासारखे फारसे काही नसते. शिवाय पहिल्या ऐकण्यात अवघड वाटणारे आणि तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यात उलगडणारे संगीत तिच्या हिशेबात नापसंत ठरते. जयपूर घराण्यातला एखादा अनवट राग प्रथमच ऐकणारा माणूस दोन मिनिटांत पुढे सरकला, तर यंत्र त्याला तो राग पुन्हा सुचवण्याची शक्यता कमी होते. जाणता मित्र मात्र म्हणतो, ‘थांब जरा, मध्यलयीतली ती जागा येऊ दे.’

लोकप्रियतेचे आकडे तरी गुणवत्ता दाखवतात का? यावर २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी चौदा हजारांहून अधिक लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगळ्या गटांत वाटले होते आणि आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले, हेही त्यांना दिसत होते. आकडे दिसू लागताच प्रत्येक गटात थोडी गाणी फार वर गेली आणि उरलेली मागे पडली. पण कोणती वर जाणार, हे गटागणिक बदलत होते. सर्वांत चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, सर्वांत वाईट सहसा शिखरावर पोचली नाहीत. मधल्या मोठ्या पट्ट्यात मात्र काहीही घडू शकत होते. ‘लाखोंनी ऐकले’ या आकड्यात सुरुवातीच्या योगायोगाचाही मोठा वाटा असू शकतो, असा याचा अर्थ. त्याच आकड्यांवर पोसलेली शिफारस तो योगायोग आणखी पक्का करते.

यात भर पडते ती व्यवहाराची. ‘स्पॉटिफाय’ने २०२० साली अशी योजना आणली, की कलाकाराने कमी मानधन स्वीकारले तर त्याचे निवडलेले गाणे शिफारशीत अधिक पुढे येऊ शकते. २०२४ पासून याच कंपनीने बारा महिन्यांत किमान हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला मानधन देणे थांबवले. म्हणजे आपल्यापुढे येणारे गाणे केवळ आपल्या आवडीच्या हिशेबाने येते, असे मानता येत नाही. आणि आता यंत्राने रचलेल्या गाण्यांचा लोंढा आला आहे. ‘डीझर’ या फ्रेंच कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले, की तिच्याकडे रोज पूर्णपणे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली सुमारे पन्नास हजार गाणी येतात. रोज येणाऱ्या एकूण गाण्यांपैकी ती एक तृतीयांशाहून जास्त होती. याच कंपनीच्या हिशेबाने अशा गाण्यांचा प्रत्यक्ष ऐकण्यातला वाटा जेमतेम अर्धा टक्का होता आणि त्यातलेही सत्तर टक्क्यांपर्यंत ‘ऐकणे’ पैसे उकळण्यासाठी यंत्रांकरवी घडवलेले, बनावट होते. तेव्हा माणसांनी माणसांचे संगीत सोडून दिले, असे मुळीच नाही. पण २०२५ च्या उन्हाळ्यात ‘द व्हेल्व्हेट सनडाउन’ नावाच्या ‘बँड’ला स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांवर श्रोते मिळाले आणि ते संगीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बनवल्याचे नंतर कबूल करण्यात आले. गाणाऱ्याचा पत्ता न विचारणारी शिफारस काय करू शकते, हे तिथे दिसले.

‘फरक कानाला कळत नसेल, तर फिकीर कशाला?’ असा प्रश्न इथे येतो आणि तो टाळता येणार नाही. डीझरने आठ देशांतल्या नऊ हजार लोकांची पाहणी करवून घेतली, तेव्हा ९७ टक्के लोकांना माणसाचे आणि यंत्राचे गाणे वेगळे ओळखता आले नाही. पण गाण्याचा आनंद केवळ कानापाशी संपत नाही. कुमार गंधर्वांचे निर्गुणी भजन ऐकताना आपण एका जगण्याशी जोडले जातो. क्षयाने ग्रासलेला एक तरुण गायक देवासला येतो, गाणे बंद असताना माळव्यातली लोकगीते आणि नाथपंथीयांची भजने कान देऊन ऐकतो आणि बरा झाल्यावर त्यातून नवे गाणे उभे करतो. हे कळल्यावर ऐकणे बदलते, कारण स्वर कुठून आला याचे भान त्या स्वराच्या अर्थाचाच भाग असते. दुसरी गोष्ट सरळ पैशाची आहे. बहुतेक कंपन्यांत मानधनाचा साठा एकच असतो आणि तो ऐकण्याच्या प्रमाणात वाटला जातो. बनावट गाण्याला गेलेला पैसा कुणातरी गायकाच्या, तबलजीच्या, ध्वनिमुद्रकाच्या वाट्यातून जातो. आणि कान पुरेसा नसेल तर गाणे माणसाचेच आहे याची खात्री देणार कोण? ज्याने त्या कलाकाराला समोर बसून ऐकले आहे, त्याच्या गुरूंना, साथीदारांना जो ओळखतो, तोच. म्हणून माणसाचे संगीत मिळवणे आणि माणसांकरवी मिळवणे या दोन गोष्टी आता एकमेकींपासून वेगळ्या राहिलेल्या नाहीत.

शिफारस करणाऱ्या माणसांची अशी साखळी उभारण्याचा अनुभव मराठी मुलखाला भरपूर आहे. कोल्हापूरचा देवल क्लब एकोणिसाव्या शतकापासून गाणे ऐकवत आला आहे. पुण्यात १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात नामवंतांना ऐकायला आलेल्या हजारो श्रोत्यांच्या कानांवर तरुण गायक-वादकही पडतात. तिथे नवोदितामागे एक बोलणारी शिफारस उभी असते : संयोजकांनी स्वतःचे नाव पणाला लावलेले असते. मुंबईतली संगीत मंडळे, गोव्यातले केसरबाईंच्या नावाचे संगीत संमेलन, गावोगावच्या गुरुपौर्णिमेच्या बैठका हेच काम लहान-मोठ्या प्रमाणावर करतात. अशा बैठकीत साथीला बसलेला हार्मोनियमवादक आवडला, तर तो आणखी कुणाकुणाला साथ करतो हे पाहत पाहत चार नवे गायक सापडतात. वामनराव देशपांड्यांच्या ‘घरंदाज गायकी’सारखे पुस्तक हाती घेतले, तर एकेका नावामागे ऐकण्याची कारणे मिळतात.

याहून मोलाचे उदाहरण शास्त्रीय संगीताच्या बाहेरचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत सहकाऱ्यांसह फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने कित्येक ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले आणि आता ‘पारी’, म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’, हे धन लोकांपुढे आणत आहे. गाणारीचे नाव, तिचे गाव, अनेकदा तिचे छायाचित्र आणि ओवीचा अर्थ, असे सारे सोबत मिळते. सासर-माहेर, कष्ट, विठ्ठल, बाबासाहेब आंबेडकर अशा विषयांवर बायकांनी रचलेले हे संगीत लोकप्रियतेच्या कोणत्याही यादीत चढण्यासारखे नाही. पिठाची गिरणी आल्यावर जाते बंद पडले आणि त्याबरोबर गाण्याचे निमित्तही गेले. काही माणसांनी दारोदार जाऊन ऐकले, लिहून घेतले, म्हणून आज नव्या श्रोत्याला ते ‘नवे’ म्हणून भेटू शकते.

यावर सर्वांत भक्कम आक्षेप असा, की माणसे निवड करत होती तेव्हा माणसेच दारेही बंद करत होती. हे खरे आहे. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती थेट १९७१ पर्यंत टिकली. स्वातंत्र्याच्या सुमारास खासगी आयुष्याचे कारण पुढे करून कित्येक गायिकांना रेडिओची दारे बंद करण्यात आली. १९५२ साली बाळकृष्ण केसकर मंत्री झाल्यावर चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली. जात, लिंग, घराणे यांच्या भिंती मैफलीतही होत्याच. आज एखाद्या तालुक्याच्या गावातला शाहीर कुणाची परवानगी न घेता आपले गाणे जगापुढे ठेवू शकतो, हा ॲपचा मोठा उपकार आहे. तो नाकारण्याचे काहीच कारण नाही. पण गाणे चढवता येणे वेगळे आणि ते श्रोत्यापर्यंत पोचणे वेगळे. दुसरे काम अजून द्वारपालाकडेच आहे, फक्त तो दिसेनासा झाला आहे. हार्मोनियमवरची बंदी कुणी घातली, हे ठाऊक होते. म्हणून तिच्यावर वाद झाले, लेख लिहिले गेले, शेवटी ती उठली. चित्रपटगीते गेली तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनवरच्या अमीन सायानींच्या ‘बिनाका गीतमाले’कडे वळले आणि १९५७ साली सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. दिसणाऱ्या पूर्वग्रहाशी भांडता येते, त्याला पर्याय काढता येतो. एका माणसाच्या पूर्वग्रहावरचा उपाय म्हणजे वेगवेगळ्या वाटांनी आलेली अनेक माणसे.

दुसरा आक्षेप वेळेचा. नोकरी, प्रवास, घर सांभाळणाऱ्याला मैफली कुठून जमणार? यासाठी फार वेळ लागत नाही. आठवड्याला एक नवा कलाकार, तोही दोन-तीनदा ऐकलेला, एवढे वर्षभर केले तरी पन्नासएक नवी नावे ओळखीची होतात. दिवसभर पार्श्वभूमीला वाजणाऱ्या शेकडो गाण्यांतून एवढी नावे क्वचितच मनात राहतात. ॲप फेकून देण्याचीही गरज नाही. ग्रंथालयातल्या सूचीसारखा त्याचा उपयोग करावा : हवे ते नाव आपण शोधावे, गाणे संपल्यावर आपोआप पुढे जाण्याची सोय बंद ठेवावी. आवडलेल्या गाण्याचा गीतकार, संगीतकार, वादक, ध्वनिमुद्रक यांची नावे वाचावीत आणि त्यातल्या एका नावामागे जावे. आकाशवाणीवरच्या संगीतसभा ऐकाव्यात, जवळच्या मंडळाचे सभासद व्हावे, ‘बँडकॅम्प’सारख्या ठिकाणी कलाकाराचे ध्वनिमुद्रण विकत घ्यावे. तिथे किमतीचा मोठा वाटा कलाकाराला मिळतो आणि जानेवारी २०२६ मध्ये त्या कंपनीने संपूर्ण किंवा बव्हंशी यंत्राने बनवलेल्या संगीताला मनाई केली आहे.

एवढे करूनही काम अर्धेच होते. माणसांची शिफारस हवी असेल तर आपणही शिफारस करणारे व्हायला हवे. नुसता दुवा पुढे ढकलणे म्हणजे शिफारस नव्हे. कलाकाराचे नाव लिहावे, गाण्यातली कोणती जागा का आवडली ते दोन ओळींत सांगावे आणि समोरच्याला ते आवडले नाही तर त्याचे कारणही ऐकून घ्यावे. असे करताना आपल्याला नेमके ऐकावे लागते, कारण ‘का’चे उत्तर द्यायचे असते. रसिकता त्यातूनच तयार होते आणि ती एकट्याच्या कानाने होत नाही. चांगले नवे संगीत आजही भरपूर निर्माण होते आहे. ते एका श्रोत्याकडून दुसऱ्याकडे नेण्याची जबाबदारी आपण यंत्रावर सोपवून मोकळे झालो आहोत. ती परत आपल्याकडे घेतली, तरच ते गाणाऱ्यांना ऐकणारे मिळतील आणि त्यांचे गाणे चालू राहील.